घरची बाग : महाळुंगाच्या वासाची मेलिसा

गेल्या दोन अंकांत पुदिना व पानओवा ह्या घरगुती वनस्पतींविषयीं लिहिलें होतें. त्यावर आलेल्या पत्रांपैकीं पुण्याच्या एका भगिनीचें पत्र विशेष विचार करण्यासारखें आहे. त्यांच्या सासूबाईंस रात्रीं लवकर झोंप लागत नाहीं. नोकरीनिमित्त युरोपांत राहणाऱ्या नातवानें आजीस 'मेलिसा' नांवाच्या वनस्पतीच्या पानांचा चहा द्यावा असें कळविलें आहे. भगिनी विचारतात, "ह्या पानांचा वाळलेला चुरा व तेल हीं दोन्ही बाजारांत मिळतात. तीं आणावीं, कीं झाड घरींच लावावें? लावावयाचें तर आमच्या हवेंत तें जगेल काय? शिवाय सासूबाई म्हणतात, 'अग, दारांत गवती चहा असतांना हें नवें खूळ कशाला?' त्यांस काय उत्तर देऊं?"

प्रश्न तीन आहेत, आणि तिन्हींचीं उत्तरें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. त्यांतील सासूबाईंचा प्रश्न प्रथम घेऊं, कारण तोच मुद्द्याचा आहे.

मेलिसा ही मूळची दक्षिण युरोपापासून इराण व मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यांतील वनस्पति. इंग्रजींत तिला 'लेमन बाम' म्हणतात. लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५३ सालीं तिचें 'मेलिसा ऑफिसिनॅलिस' असें शास्त्रीय नांव छापलें. मेलिसा म्हणजे ग्रीक भाषेंत मधमाशी. ही फुलली कीं मधमाशा तिच्यावर घोंगावतात, आणि युरोपांतील मधपाळ मोहोळाची पेटी तिच्या पाल्यानें घांसून मग तींत माशा वसवीत असत. युनानी वैद्यकांत तिला 'बादरंजबोया' म्हणतात. ह्या फारशी नांवाचा अर्थ मोठा मार्मिक आहे : बादरंग म्हणजे महाळुंग, आणि बोया म्हणजे वासाची. महाळुंगाच्या वासाची ती बादरंजबोया. इब्न सीना (मृत्यु १०३७) ह्या प्रख्यात हकिमानें हृदयास उल्हास देणाऱ्या औषधांत तिची गणना केली आहे.

पान चुरडलें असतां जो लिंबासारखा वास येतो तो मुख्यतः 'सिट्रल' नांवाच्या द्रव्याचा. हेंच द्रव्य गवती चहांतहि असतें. किंबहुना गवती चहाच्या तेलाचा मोठा भाग सिट्रलच असतो. तेव्हां केवळ सुवासासाठीं विचारीत असाल तर सासूबाईंचें म्हणणें अगदीं बरोबर आहे. गवती चहाचा एक ठोंब परसांत लावला कीं तो वर्षानुवर्षें कांहीं न मागतां पाला देत राहतो, आणि कढत चहांत त्याची चव मेलिसेहून उजवीच उतरते. परंतु नातवानें मेलिसा सुचविली ती वासासाठीं नव्हे, मन शांत होऊन झोंप यावी म्हणून. आणि तो गुण केवळ वासाचा नाहीं. मेलिसेच्या पानांत 'रोझमॅरिनिक आम्ल' इत्यादि दुसरींहि द्रव्यें असतात, आणि ज्या थोड्याफार परीक्षा माणसांवर झाल्या आहेत त्या मेलिसेवर झाल्या आहेत. इंग्लंडांतील नॉर्थम्ब्रिया विद्यापीठांत २००२ व २००४ सालीं वीस-एक निरोगी तरुणांस तिचा अर्क देऊन पाहिला, तेव्हां त्यांनीं मन अधिक शांत वाटल्याचें सांगितलें. हे प्रयोग लहान होते व अर्क मोजून-मापून दिलेला होता, हें विसरूं नये. पण ते मेलिसेचे होते. त्यांचा आधार दुसऱ्या कोणत्याहि लिंबवासी पाल्यास देतां येत नाहीं.

येथूनच दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर निघतें. लिंबाचा वास जर अनेक वनस्पतींत एकच असेल, तर नाकानें पारख होणार नाहीं. मेलिसेच्या पाल्यांत तेल इतकें अल्प असतें कीं शंभर किलो ताज्या पाल्यांतून शंभर ग्रॅमहि तेल हातीं येत नाहीं. म्हणून शुद्ध तेल अत्यंत महाग असतें, आणि जें स्वस्त मिळतें त्यांत गवती चहाचें किंवा सिट्रोनेलाचें तेल मिसळण्याचा प्रघात जगभर आहे. वाळलेल्या पाल्याची गोष्टहि निराळी नाहीं. 'बादरंजबोया' ह्या नांवाखालीं आपल्याकडील बाजारांत नेपेटा वंशांतील निराळीच वनस्पति विकली जाते, असें वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांनीं नोंदून ठेवलें आहे. नेपेटाहि तुळशीच्याच कुळांतील. तिचीहि दांडी चौकोनी व पानें समोरासमोर. दोहोंचा वाळवून केलेला चुरा हातीं घेतला तर साधी गृहिणीच काय, चांगला माहीतगारहि चकेल. दुकानदार लबाड असलाच पाहिजे असें नाहीं. त्यालाहि त्याच नांवानें माल मिळालेला असतो. पण घरांतील वडील माणसास, जें आपणांस नीट ओळखतां येत नाहीं तें, रोज रात्रीं पेल्यांतून द्यावें काय, हा विचार ज्याचा त्यानें करावयाचा आहे.

म्हणून झाड घरीं लावावें, आणि तें शक्यतों बियांपासून लावावें. रोपवाटिकेंतहि 'लेमन' ह्या एका शब्दाखालीं निरनिराळीं रोपें विकलीं जातात : कोणी लिंबवासी जिरॅनियम देतो, कोणी लिंबवासी तुळस. बियांच्या पाकिटावर मात्र 'मेलिसा ऑफिसिनॅलिस' हें पूर्ण शास्त्रीय नांव व बीं भरल्याचा महिना-साल छापलेला असतो. तो पाहूनच पाकीट घ्यावें. नुसतें 'लेमन' असें काहींतरी लिहिलेलें पाकीट घेऊं नये. बियांपासून लावण्यांत आणखी एक मोठा लाभ आहे. फांदीपासून केलेलीं सर्व रोपें एकाच झाडाच्या प्रती असतात. त्या झाडास आपला उन्हाळा सोसत नसेल तर तीं सारींच एकदम जातील. बियांपासून आलेलीं रोपें मात्र एकाच घरांतील भावंडांप्रमाणें थोडथोडीं निराळीं असतात. वीस रोपांत दोन-तीन तरी आपल्या हवेस अधिक सोशीक निघण्याचा संभव असतो. तीं कोणतीं हें वैशाख सांगतो, आणि पुढील वर्षीं त्यांच्याच फांद्या लावून आपल्या घरचा वाण करतां येतो.

आतां तिसरा प्रश्न, हवेचा. मेलिसेविषयींचीं पुस्तकें बहुतेक युरोपांत किंवा अमेरिकेंत लिहिलेलीं असतात, आणि त्यांत 'वसंतऋतूंत बीं पेरावें' असें वाचावयास मिळतें. तें तिकडे योग्यच आहे. पण तो सल्ला जसाच्या तसा घेऊन आपण चैत्रांत बीं पेरलें, तर अंकुर फुटतां फुटतांच वैशाखाच्या उन्हानें करपतील. पुस्तकांतील महिना पाहूं नये. त्या महिन्याची हवा पाहावी. मेलिसेचें बीं सुमारें वीस अंश सेंटिग्रेड उष्णमानांत उत्तम उगवतें. दिवसा सौम्य ऊन, रात्रीं गारवा व हवेंत फार दमटपणा नाहीं, अशी हवा पुणें, नाशिक, सातारा, कोल्हापूर ह्या देशावरील भागांत दिवाळीनंतर मिळते. दसऱ्याच्या सुमारास ऑक्टोबरची उष्णता असते, तेव्हां घाई करूं नये. कार्तिकी एकादशीच्या आगेंमागें पेरणी करणें सर्वांत चांगलें. मुंबई व कोंकणपट्टींत आणखी पंधरा दिवस थांबून मार्गशीर्षांत पेरावें. विदर्भांतील थंडी ह्या वनस्पतीस मानवते, परंतु तेथील उन्हाळा मानवत नाहीं. म्हणून तेथें तिला हिवाळ्यापुरती पाहुणी समजावें, आणि उन्हाळ्यांतून जगलीच तर आनंद मानावा.

बीं हातीं आल्यावर प्रथम तें पांढऱ्या कागदावर घेऊन मुलांना दाखवावें. दाणा गर्द तपकिरी, लांबींत दीड-दोन मिलिमीटर, आणि त्याच्या एका टोकास पांढुरका ठिपका. एका ग्रॅमांत हजाराहून अधिक दाणे मावतात. तुळशीच्या मंजिरींतील एकेका फुलाच्या वाटींत जसे चार बारीक दाणे असतात तसेच मेलिसेच्याहि असतात. कुळ एकच असल्याची ती खूण आहे.

दाणा इतका लहान असणें ह्यांतच पेरणीचें सारें मर्म आहे. वालाचा किंवा भोपळ्याचा दाणा मोठा. त्यांत अंकुराची शिदोरी भरपूर असते, म्हणून तो बोटाच्या पेराएवढा खोल पुरला तरी माती दूर सारून वर येतो. मेलिसेच्या दाण्यांत शिदोरी जवळजवळ नाहींच. म्हणून सृष्टीनें त्यास उजेड ओळखण्याची शक्ति दिली आहे. बियांतील 'फायटोक्रोम' नांवाच्या द्रव्यावर प्रकाश पडला म्हणजे आपण मातीच्या पृष्ठभागावर आहोंत ही खूण पटते, व अंकुर निघण्यास चालना मिळते. अंधारांत पुरलेलें बीं पुष्कळदां उगवतच नाहीं. 'बीं वाईट निघालें' म्हणून जीं पाकिटें दोषी ठरतात, त्यांतील कित्येकांचा दोष एवढाच असतो कीं घरांतील कोणीतरी मायेनें त्यावर बोटभर माती पसरलेली असते. मेलिसेचें बीं पुरावयाचें नाहीं. तें मातीवर ठेवावयाचें आहे.

आतां कृति. चार बोटें खोलीची पसरट कुंडी किंवा मातीचें मोठें परळ घ्यावें; तळास भोंकें असावींत. दोन वाट्या बागेची माती, एक वाटी बारीक वाळू व एक वाटी नारळाच्या काथ्याचा भिजवून पिळलेला भुसा असें मिश्रण करून पिठाच्या जुन्या चाळणींतून चाळून घ्यावें. खत ह्या वेळीं घालूं नये, अगर घातलेंच तर पूर्ण कुजलेलें शेणखत मूठभर. पेरणीच्या आदल्या दिवशीं ह्या मिश्रणावर कढत पाणी ओतून निथळूं द्यावें, म्हणजे मातींतील बुरशी बरीचशी नाहींशी होते. दुसऱ्या दिवशीं माती पूर्ण निवालेली, ओलसर पण चिखल न झालेली असेल.

अर्धी चिमूट बीं चमचाभर कोरड्या वाळूंत मिसळावें. रांगोळी घालतांना चिमटींतून जशी सारखी धार सुटते, तशा हातानें हें मिश्रण मातीवर भुरभुरावें. जिचा रांगोळीचा हात चांगला, तिच्याकडे हें काम सोंपवावें. नंतर वाटीच्या बुडानें माती हलकेंच दाबावी, म्हणजे दाणे मातीस चिकटतात. वरून पाणी शिंपूं नये. एका थेंबानें दहा दाणे वाहून कांठास जमतात. कुंडी पाणी भरलेल्या परातींत पाव घटका ठेवावी, म्हणजे माती तळाच्या भोंकांतून पाणी शोषून घेते. पृष्ठभाग ओला दिसूं लागला कीं काढून ठेवावी. वर कांचेचा तुकडा ठेवून एका बाजूस काडी सरकवावी, म्हणजे ओल टिकते व हवाहि खेळते. जागा उजेडाची, परंतु थेट उन्हाची नसावी. कारण कांचेखालीं उन्हांत अंकुर उकडून निघतात. पूर्वेकडील खिडकी किंवा गॅलरीचा आंतला कठडा चांगला.

मुंग्यांकडे विशेष लक्ष द्यावें. असे बारीक दाणे मुंग्या एका रात्रींत उचलून नेतात, आणि मग आपण तीन आठवडे रिकाम्या मातीकडे पाहत बसतों. एका परातींत पाणी घालून मधोमध वीट ठेवावी व विटेवर कुंडी ठेवावी. मात्र तें पाणी तीन दिवसांनीं न चुकतां ओतून बदलावें, नाहींतर मेलिसेच्या नांवानें घरांत डासांची पैदास होईल.

दहाव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत अंकुर मागेंपुढें निघत राहतात. सगळे एकदम येत नाहींत. म्हणून पंधरवड्यानंतर कुंडी उपटून टाकण्याची घाई करूं नये. पेरणीची तारीख एका पट्टीवर लिहून कुंडींत खोंचावी. आजोबांनीं हें काम अंगावर घेतलें तर तें बिनचूक होतें, असा पुष्कळ घरांचा अनुभव आहे. प्रथम दोन वाटोळसर बीजपत्रें दिसतात. त्यांचा आकार पाहून मेलिसा ओळखतां येत नाहीं. त्यानंतरच्या जोडीस कडेनें बोथट दांते दिसूं लागतात व पानावर सुरकुत्या येतात. तिसरी जोडी आल्यावर एक पान बोटानें हलकेंच चोळून वास घ्यावा. लिंबाचा वास आला तर ती मेलिसा; न आला तर मातींतून आलेलें तण समजून उपटावें. ह्या ठिकाणीं नाकाचा उपयोग होतो, कारण बीं कशाचें पेरलें आहे हें आपणांस आधींच ठाऊक असतें.

आतां एक गोष्ट एकत्र कुटुंबांसाठीं मुद्दाम लिहितों. ज्या घरांत बारा-पंधरा माणसें आहेत, तेथें रोपें तहानेनें क्वचितच मरतात. तीं पाण्यानें मरतात. सकाळीं सासूबाई देवपूजेनंतर तांब्यांतलें उरलेलें पाणी घालतात, दुपारीं जाऊबाईंस माती कोरडी वाटते, संध्याकाळीं मुलें शाळेंतून येऊन कौतुकानें शिंपतात. हेतु सर्वांचाच चांगला. परंतु चौथ्या दिवशीं रोपांच्या बुडाशीं खोड काळें पडून तीं एकामागून एक आडवीं होतात. ह्यास रोपें कोलमडणें म्हणतात. तो बुरशीचा रोग आहे, व तो अतिओल आणि कोंदट हवा ह्यांमुळें पसरतो. एकदां लागला म्हणजे उपाय थोडेच चालतात. तेव्हां पेरणीच्या दिवशींच ठरवावें कीं पाणी घालील तर अमुक एकजण, आणि दुसरा कोणीहि घालणार नाहीं. तो परगांवीं गेला तर कोणाकडे काम सोंपवून जाईल हेंहि ठरवावें. अंकुर दिसतांच कांच रोज थोडी थोडी अधिक सरकवून पांच-सहा दिवसांत काढून घ्यावी. पाणी पूर्वीप्रमाणें परातींतून खालूनच द्यावें, आणि तेंहि वरची माती बोटास कोरडी लागल्यावर.

पांच-सहा आठवड्यांनीं रोपांस दोन-तीन जोड पानें येतात. त्यांतील धट्टींकट्टीं वीसएक रोपें निवडून चमच्याच्या दांड्यानें मातीच्या ढेकळासह उचलावीं व लहान लहान कुंड्यांत लावावीं. धरतांना पानास धरावें, खोडास धरूं नये. पान गेलें तर दुसरें येतें, खोड दबलें तर रोप जातें. ह्या वेळीं मिश्रणांत चौथा हिस्सा चाळलेलें कुजकें शेणखत घालावें. आठवडाभर सांवलींत ठेवून मग हळूहळू सकाळच्या उन्हाची संवय करावी. रोपें वीतभर उंच झालीं म्हणजे प्रत्येकाचा शेंडा खुडावा. त्यानें बगलेंतून फांद्या फुटून झुडूप भरगच्च होतें. माघाच्या आरंभीं त्यांतील उत्तम सहा-सात रोपें वीतभर व्यासाच्या, चांगल्या निचऱ्याच्या कुंड्यांत कायमचीं बसवावीं, व उरलेलीं शेजारींपाजारीं वांटावीं. देतांना नांव लिहिलेली चिठ्ठी बरोबर द्यावी. ओळखीचा घोळ आपल्या दारापासून सुरू होऊं नये.

फाल्गुन लागतांच कुंड्या हलविण्याची तयारी करावी. हिवाळ्यांत जें ऊन हितकर होतें तेंच आतां पानें पिवळीं करतें. सकाळचें दोन-तीन तास ऊन व पुढें सबंध दिवस सांवली अशी जागा उन्हाळ्यांत हवी. कुंडीच्या मातीवर वाळलेल्या पानांचें बोटभर आच्छादन घालावें, व दोन-चार कुंड्या एकमेकींस लागून ठेवाव्या, म्हणजे ओल टिकते. लाल कोळी पडून पानें भुरकट व ठिपकेदार दिसूं लागलीं तर पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. ह्या झाडाचीं पानें पोटांत जावयाचीं आहेत, म्हणून कोणतेंहि विषारी औषध फवारूं नये. पावसाळ्यांत शत्रु उलट बाजूनें येतो. मुळांशीं पाणी सांचलें कीं मुळें कुजतात. आर्द्रा नक्षत्र लागण्यापूर्वीं कुंड्या पागोळ्यांच्या आंत घ्याव्या, विटांवर उंच ठेवाव्या, व दाट झालेल्या फांद्या विरळ कराव्या. इतकें करूनहि कांहीं झाडें जातील. जीं राहतील, त्यांच्या बोटभर लांबीच्या फांद्या दसऱ्यानंतर ओलसर वाळूंत लावाव्या. दोन-तीन आठवड्यांत त्यांस मुळें फुटतात. हींच आपल्या घरचीं खरीं मेलिसेचीं झाडें.

पाला काढावयाचा तो कळ्या येण्यापूर्वीं, सकाळीं दंव वाळल्यावर. पेरणीपासून साडेतीन-चार महिन्यांनीं पहिली बेताची खुडणी मिळते. सबंध फांदी जमिनीपासून चार बोटें ठेवून कापावी; नवे धुमारे येतात. वाळविलेल्या पानाचा सुवास फार लवकर उडतो, म्हणून शक्यतों ताजेंच वापरावें. साठवावयाचें झाल्यास उन्हांत न वाळवितां सांवलींत, वारा खेळेल अशा जागीं वाळवावें, आणि घट्ट झांकणाच्या बरणींत अंधारांत ठेवावें.

चहा करण्याची पद्धति आपल्या नेहमींच्या चहाहून निराळी आहे. पानें पाण्याबरोबर उकळूं नयेत. उकळींत तेल वाफेबरोबर निघून जातें, आणि सारें घर सुगंधित होऊन पेल्यांत कांहींच उरत नाहीं. आठ-दहा ताजीं पानें हातानें फाडून पेल्यांत घालावीं, वरून कपभर उकळतें पाणी ओतावें, व लगेच झांकण ठेवून दहा मिनिटें तसेंच राहूं द्यावें. झांकणास लागलेले थेंब पेल्यांत परत झटकावे. दूध घालूं नये. थोडा मध किंवा साखर चालेल. युरोपीय औषध संस्थेच्या वनस्पति-समितीनें २०१३ सालीं ह्या पानास मनावरील सौम्य ताण, झोंप व पोटांतील वायु ह्यांसाठीं परंपरागत उपयोगाचें औषध म्हणून मान्यता दिली आहे. तिनें सांगितलेलें प्रमाण दीड ते साडेचार ग्रॅम वाळलेलें पान दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यांत, दिवसांतून एक ते तीन वेळां, असें आहे. परंपरागत उपयोग हा शब्द ध्यानांत ठेवावा : दीर्घ काळ चालत आलेला वापर हा त्याचा आधार आहे, मोठ्या प्रयोगांनीं सिद्ध झालेला गुण नव्हे.

आणि आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. थायरॉइडसाठीं गोळी घेणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून हा चहा नियमानें घेऊं नये. मेलिसेचा अर्क थायरॉइड ग्रंथीस चेतना देणाऱ्या द्रव्याच्या कार्यास अडथळा करतो, असें प्रयोगशाळेंतील परीक्षांत दिसून आलें आहे. ज्यांस झोंपेच्या किंवा मनःशांतीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनींहि विचारूनच घ्यावा. बारा वर्षांखालील मुलांस, गर्भवतींस व अंगावर पाजणाऱ्या मातांस औषध म्हणून देऊं नये. पत्र लिहिणाऱ्या भगिनीस आग्रहाची विनंति अशी कीं, सासूबाईंची झोंप कित्येक आठवडे उडालेली असेल तर प्रथम डॉक्टरांकडे जावें. उतारवयांत झोंप न येणें हें पुष्कळदां दुखण्याचें, औषधाच्या परिणामाचें, किंवा मनांतील न बोललेल्या चिंतेचें लक्षण असतें. चालू असलेली कोणतीहि गोळी पानांच्या भरंवशावर बंद करूं नये. डॉक्टरांची संमति असेल, तर जेवणानंतर तासाभरानें अर्धा पेला देऊन पाहावें.

सासूबाईंस मात्र एवढेंच सांगावें कीं, गवती चहा उपटण्याचा कोणाचाहि विचार नाहीं. सकाळच्या चहास तोच. मेलिसेची कुंडी निराळी राहील, आणि पेरणीसाठीं बीं भुरभुरण्यास त्यांचाच रांगोळीचा हात लागेल. ज्येष्ठ माणसें पुष्कळदां नव्या झाडास नको म्हणतात तीं त्या झाडामुळें नव्हे, त्यांस कोणी विचारलें नाहीं म्हणून. परातींतून पाणी देण्याचें काम त्यांनीं पत्करलें तर तें त्यांच्याकडेच द्यावें, आणि बाकीच्यांनीं हात आंवरावा.

ज्यांस पेरणी करावयाची आहे त्यांनीं बियांचें पाकीट दिवाळीपूर्वीं आणून कोरड्या, थंड जागीं ठेवावें. किती दाणे पेरले, किती उगवले व वैशाखानंतर किती झाडें राहिलीं, ह्याची नोंद ज्या भगिनी कळवितील त्यांची माहिती पुढील वर्षीं ह्याच सदरांत गांववार देण्याचा विचार आहे. पुढील अंकीं मरव्याविषयीं लिहूं.